चिंचेनं घासलेली घागर

सूर्यभानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तांबट गल्लीमागच्या नाल्यात गुडघाभर चिखलात उभा होता आणि मी त्याला फिदीफिदी हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढं सांगायचंय त्यात मला लाज वाटावी अशा इतक्या गोष्टी आहेत, की एक आधी उरकलेली बरी.

शहात्तर सालचा जानेवारी होता. पी.यू.सी.ला केमिस्ट्रीत गचकून मी वर्षभर घरी बसले होते, आणि आता परभणीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत रोजंदारीवर मदतनीस म्हणून लागले होते. पहिलाच दिवस. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं आले आणि जवळचा रस्ता म्हणून तांबट गल्लीतून निघाले. लग्नसराई तोंडावर आलेली, गल्लीत नुसती ठोकाठोक. जुनी भांडी तेजाबात बुडवायची, उजळ झाली की धुवायची, आणि ते निळसर पाणी सरळ मागच्या नाल्यात सोडायचं. त्याच नाल्यात पँट दुमडून एक चष्मेवाला तरुण चाळणीत चिखल धूत होता.

सोनारांच्या दारातली माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी मी पाहिले होते. पण चष्मा लावलेला झारेकरी...

"काय झारेकरीदादा, सापडलं का कायी?" मी पुलावरून विचारलं.

त्यानं मान वर केली. "सापडलं की! लय सापडलं." आणि चाळणी माझ्याकडं तिरपी केली. आत लाल दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं.

"आगं माय! किडे हायेत की हे!"

"मग? तुमाला काय सोनं वाट—"

पुढचा शब्द बाहेर यायच्या आत त्याचा पाय घसरला. तो चिखलात बसला, अगदी मांडी घालून. चष्मा मात्र नाकावर जागच्या जागी. मी इतकी हसले, की गल्लीतले दोन हातोडे थांबले.

तासाभरानं कॉलेजात माणिकराव सरांनी माझी ओळख करून दिली. "हे सूर्यभान, पालमचे. नाल्याच्या गाळातल्या किड्यांवर संशोधन करतात. विशाखा, तुम्ही यांच्या हाताखाली काम करायचं."

समोर तोच चष्मा. कानामागं अजून वाळलेला चिखल.

"जयभीम," तो हळूच म्हणाला. "झारेकऱ्याच्या हाताखाली चालंल ना?"

तोंड कुठं लपवावं ते मला कळेना.

काम मात्र मजेचं होतं. टेबलावर बारा काचेच्या बरण्या. सहांत तांबट गल्लीच्या नाल्याचा गाळ घालायचा, सहांत कुठल्यातरी स्वच्छ ओढ्याचा. दोन्हीकडं तीन-तीन बरण्यांत किडे सोडायचे, तीन-तीन तशाच ठेवायच्या. मग वरच्या पाण्यात तांबं किती उतरतं ते रोज तपासायचं. नळीत पाणी घेऊन एका औषधाचे थेंब टाकायचे. तांबं नसेल तर पाणी तसंच राहणार, असेल तर पिवळं-तपकिरी होणार.

नाल्याच्या सहा बरण्या पहिल्या आठवड्यातच लागल्या. मी एकीत वाकून पाहिलं. गाळातून शेकडो लाल शेपट्या वर आल्या होत्या आणि वाऱ्यावर डोलावं तशा डोलत होत्या.

"ह्यांचं तोंड कुठंय?"

"खाली, गाळात. डोकं खुपसून चिखल खायचा आणि शेपटीनं वर आणून टाकायचा. दिवसभर एवढंच." तो माझ्या शेजारी वाकला. "लोकाला वाटतं, तांबं गाळात बसलं म्हणजे संपलं. वरचं पाणी तर स्वच्छ दिसायलंय ना? मला बघायचंय, हे किडे ते खाली राहू देतात का वर काढतात."

"म्हणजे शांत बसलेल्याला बसू न देणारे."

"व्हय."

"म्हणजे तुमच्यावानीच."

तो हसला आणि मी आणखी खाली वाकले. तेवढ्यात सगळ्या शेपट्या एकदम गाळात गडप झाल्या.

"सर! मेले का हो?"

"न्हाई न्हाई. तुमची सावली पडली. लाजले."

"किडे लाजतात?"

"नाल्यातले लाजतात... पालमचे बी लाजतात," तो म्हणाला आणि त्याचेच कान लाल झाले. मग बराच वेळ तो नुसता चष्मा पुसत राहिला.

प्रयोगशाळेत सगळे मला ताई म्हणत. शिपाई, माणिकराव सर, वयानं माझ्याहून मोठी असलेली पोरंसुद्धा. एकटा सूर्यभान काहीच म्हणत नसे. "अहो... ते... ती चार नंबरची बरणी..." असं त्याचं चाले. तिसऱ्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी मला त्याचं बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी त्यानं विचारलं, "तुमच्या पिंगळीच्या शिवारात ओढा हाय ना? तांबट गल्लीपासून लांब. तिथला चिखल आणि पाणी पाहिजे होतं."

"मग चला की उद्या. आमचं घर जवळच हाय."

पुन्हा चष्मा पुसणं. "मी... नको. तुमीच आणा." आणि त्यानं मला रुंद तोंडाचा, बुचाचा प्लास्टिकचा पांढरा कॅन दिला. स्वतः तीनदा विसळलेला. "बाकी काही चुकलं तर चालंल. भांडं तेवढं स्वच्छ पाहिजे."

आमच्या घरी यायला नको म्हणाला, हे मला लागलं. गाडीत मी तो कॅन मांडीवर घेऊन बसले आणि खिडकीबाहेरची ज्वारी बघत स्वतःला बजावलं... विशाखा, तू रोजंदारीवरची, तो एम.एस्सी. झालेला. भलते लाड नकोत.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून आले तर कोपऱ्यात कॅन नाही. आई, सगुणाबाई तिचं नाव, दारातून येत होती. हातात कॅन, आणि घरभर वास.

"पंधरा दिसांनी रेशनला राकेल आलं बाई! नशीब, घरात बुचाचं भांडं व्हतं."

"आई! ते सरांचं हाय!"

"मंग? सरांच्या घरी दिवा लावत न्हाईत?"

मी डोक्याला हात लावला. सगळं समजल्यावर आईचं तोंड उतरलं. आमच्या घरात दुसरं बुचाचं भांडं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील सिताराम, रेल्वेत गँगमन. घर नीटनेटकं होतं, पण मोजक्या भांड्यांचं. रिकाम्या हातानं जाऊन 'आईनं तुमच्या कॅनात राकेल भरलं' असं सांगायचं? त्याला? जीव गेला तरी नाही.

आई उठली आणि तिनं घडवंचीवरची तांब्याची घागर उतरवली.

त्या घागरीला आमच्या घरात मान होता. आई लहान असताना विहिरीवर कडेला उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर तिचं भांडं भरायचं. दीक्षा घेतल्यावर चार वर्षं मजुरी करून तिनं परभणीहून ही घागर आणली आणि गळ्याला नाव घालून घेतलं, ठिपक्याठिपक्यांचं... सगुणाबाई सिताराम. ती घागर पाव्हण्यांशिवाय कुणासाठी उतरत नसे.

"ही ने. चिखल तर चिखल. तुझ्या सायबाला दिसू दी, आपल्याकडं बी भांडं हाय म्हणून."

भांडं स्वच्छ पाहिजे, तो म्हणाला होता. स्वच्छ म्हणजे कसं ते मला पाठ होतं. मूठभर चिंच आणि मीठ घेऊन मी ती घागर आतून-बाहेरून अशी घासली, की आत पाहिलं तर माझं तोंड दिसावं. संध्याकाळी ओढ्यावर जाऊन चिखल भरला, वर पाणी घातलं, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं. सोमवारी पहाटे उठून पॅसेंजर गाठली.

सूर्यभान यायच्या आत मी सहा बरण्या भरल्या आणि घागर स्टोअरच्या कपाटामागं ठेवली. तो आला, बरण्या पाहून खूश झाला. मग म्हणाला, "कॅन?"

"धुऊन... घरी वाळत ठेवलाय. आणते."

केवढंसं खोटं. पण ते बोलताना माझी नजर त्याच्या चष्म्यापर्यंत गेलीच नाही.

त्यानं पिंगळीच्या तीन बरण्यांत किडे सोडले. मंगळवारी ते गाळात शिरलेच नाहीत. बुधवारी एकमेकांत गुंतून लोकरीच्या गुंड्यासारखे वर पडून राहिले. गुरुवारी पांढरे पडले, मेले. नाल्याच्या घाणीतले मात्र मजेत डोलत होते. आणि औषधाचे थेंब टाकले तर पिंगळीच्या सहाही बरण्यांचं पाणी पिवळं-तपकिरी.

माणिकराव सर सगळ्यांसमोर बरसले. "तेजाबाच्या नाल्यात जगणारे किडे तुझ्या स्वच्छ चिखलात मरतात? वा रे संशोधन! बरण्या कुणी धुतल्या होत्या?"

बरण्या मी धुतल्या होत्या. ब्रश अजून माझ्या हातात होता.

"मी, सर," सूर्यभान म्हणाला. "बरण्या मी धुतल्या."

"शनिवारपर्यंत कारण दाखव. नाहीतर विषय बंद. पालमला जाऊन मास्तरकी कर."

सर गेले. सूर्यभान माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका. पिंगळीचा वढाच खराब असंल. तसं लिहीन."

त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो जेवायला गेल्यावर मी स्टोअरमध्ये गेले. घागरीच्या तळाला घोटभर पाणी उरलं होतं. ते नळीत घेतलं आणि थेंब टाकले. बरण्यांतलं पाणी पिवळं तरी होतं, हे गडद तपकिरी झालं, काळ्या चहासारखं. मग नळाचं पाणी घेऊन पाहिलं. ते तसंच राहिलं, स्वच्छ.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेजाबातलं तांबं वाईट, हे इथं आल्यावर कळलेलं. दोन्ही तांबं एकच, हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही. केमिस्ट्रीत नापास करणाऱ्यानं काही चूक केली नव्हती.

आणि हे कळूनही त्या दिवशी मी काही बोलले नाही. नळी धुतली, जागेवर ठेवली, घरी आले. शुक्रवारी कामाला गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडले. माझ्या चुकीपायी एक माणूस बोलणी खातोय, आणि मी पांघरुणात.

दुपारी आई उशाशी बसली. "डोकं चेपू का?" मग म्हणाली, "इशाखा... तुझ्या सायबानं घागर बघितली का गं? काय म्हणला?"

तिच्या चेहऱ्यावर इतकी आस होती, की मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "मी येते तुझ्यासंगं. राकेल मी भरलं, म्या सांगते."

"राकेल तू भरलंस गं. खोटं मी बोलले."

शनिवारी सकाळी मी स्टोअरमधून घागर काढली, कमरेवर घेतली आणि सगळ्यांसमोरून चालत जाऊन माणिकराव सरांच्या टेबलावर ठेवली. सूर्यभान तिथंच मान खाली घालून उभा होता.

"सर, बरण्या ह्यांनी नाही, मी धुतल्या. आणि त्या स्वच्छच होत्या." मी घागरीवर हात ठेवला. "चिखल मी ह्या घागरीत आणला. चिंचेनं घासून. रात्रभर तसाच होता. ह्यांनी कॅन दिला होता, त्यात... आमच्या घरी राकेल भरलं गेलं. मी ह्यांना खोटं सांगितलं."

सूर्यभान घागरीकडं बघत होता. माझ्याकडं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सरांनी नोंदवही माझ्यापुढं सरकवली. "खोडायचं नाही. जुन्या नोंदीवर एक रेघ मारायची, खाली खरं लिहायचं, सही करायची."

मी लिहिलं... 'क्रमांक सात ते बारा. चिखल व पाणी चिंचेने घासलेल्या तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवून आणले.' आणि सही केली. सरांनी ते वाचलं. त्यांच्या मिशा जराशा हलल्या.

"चिंच काय न् तेजाब काय, दोन्ही आंबटच. तांबट नाल्यात जे करतात ते तू घागरीत केलंस." मग सूर्यभानकडं वळून, "गाळात मुरलेलं तांबं किड्यांना सोसतं, पाण्यात मोकळं सुटलेलं मारतं. हे तरी कळलं ना? पंधरा दिवस देतो. पुन्हा नमुना आण. या खेपेला स्वतः जा."

मी घागर उचलून व्हरांड्यात आले. मागून चपलांचा आवाज आला.

"अहो..."

मी थांबले. वळले नाही.

"कॅनचं खोटं कामून सांगितलं?"

"लाज वाटली."

"राकेलाची? आमच्या घरी तर राकेलाच्या डब्यात राकेल संपलं की ज्वारी भरतात."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "तुमी माझ्यापायी बोलणी खाल्ली... मी ब्रश घेऊन उभी. शुक्रवारी तर आलेच न्हाई."

"शुक्रवार लय वाईट गेला," तो म्हणाला. "बरण्यांपायी न्हाई."

व्हरांड्यात उन्हं आली होती. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला, पण बघत होता घागरीच्या गळ्याकडं.

"चूक माझी बी हाय. नमुना मीच आणायला पाहिजे होता. भ्यालो."

"ओढ्याला?"

"तुमच्या दादांना. त्यांनी विचारलं असतं, हे कोण म्हणून. मी काय सांगणार होतो?"

"सांगायचं, संशोधक हाय. नमुना न्यायला आलोय."

"ते..." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते अर्धंच खरं झालं असतं."

माझी सावली त्याच्या पायांवर पडली होती. मला वाटलं, आपणही त्या किड्यांसारखं कुठंतरी गडप व्हावं. पण कमरेवर आईची घागर होती, पळता येईना.

"नाल्याच्या बरण्यांचं बघितलाव?" त्यानं एकदम विषय बदलला. "किडे न्हाईत तिथं वरचं पाणी स्वच्छ. किडे हायेत तिथं तांबं वर आलंय. गुपचूप बसलेलं सगळं वर काढलं त्यांनी." मग हळूच म्हणाला, "तुमी बी आज तेच केलाव. मला न्हाई जमलं अजून."

रविवारी तो आला. सकाळच्या गाडीनं, दोन्ही हातांत काचेच्या बरण्या, शर्टाला कडक इस्त्री. ओढ्यावर मी काठावर आणि तो पाण्यात. या वेळी तो घसरला नाही, मी हसले नाही. चिखल भरताना दोघांचे हात एकाच बरणीला लागले आणि ती बरणी भरायला जरा जास्तच वेळ लागला. नमुना पुढं निर्मळ निघाला. पिंगळीच्या ओढ्यावरचा आळ गेला.

पण त्या दिवशी खरी परीक्षा घरी होती.

आईनं घागरीतून पाणी काढून तांब्या पुढं केला आणि मग तिलाच काहीतरी आठवलं. "हे पाणी... चालतंय का तुमाला? इशाखा म्हणत व्हती, तांबं..."

"किड्यांना चालत न्हाई, मावशी. मला चालतं." तो एका दमात तांब्याभर पाणी प्याला. मग घागरीच्या गळ्यावरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, "सगुणाबाई सिताराम. लय झोकात घातलंय नाव." आईचा चेहरा असा फुलला, की मला तिच्याकडं बघवेना.

दादा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी सावकाश पान जुळवलं, चुना लावला आणि विचारलं.

"जयभीम झाला, पाणी झालं. पर पाव्हणे, तुमी कोण म्हणायचं?"

मी दाराच्या चौकटीला घट्ट धरलं. सूर्यभानचा हात चष्म्याकडं गेला... आणि अर्ध्यातून खाली आला.

"दादा, पहिल्या दिवशी विशाखानं मला झारेकरी म्हणलं होतं." माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. "नाल्यात उभा होतो, गुडघाभर. पुलावर बघितलं... तवाच सापडलं मला. पण सांगायची लाज वाटायली होती. आज नमुन्याचं निमित्त हाय. विशाखाची इच्छा असंल तर पुढच्या रविवारी पालमहून माय-बापाला घेऊन येतो."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, विचारलं काही नाही. लाजेनं माझे पाय आत पळायला निघाले होते. पण गुरुवारी मी गप्प राहिले होते, शुक्रवारी पांघरुणात होते. आता पुन्हा नाही.

"येऊ द्या, दादा," मी म्हणाले. एवढंच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग मात्र पळाले. आत जाऊन घागरीपाशी बसले आणि तोंड लपवायला तिच्यावरच वाकले, तर तिच्या उजळ अंगात माझा लालभडक चेहरा.

बाहेर आईचा आवाज आला, "आन् लेकरा, तुमचा तो क्यान... राकेल संपल्याबिगर द्यायचा कसा?"

"राहू द्या, मावशी," सूर्यभान म्हणाला. "मी चकरा मारत राहीन. संपलं का बघायला."